रिडायरेक्ट लूप: कुकीज पुसण्याआधी लोकेशन हेडर वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्डप्रेसवर कोकणमेव्याचं छोटं ऑनलाइन दुकान. होस्टिंगवर एसएसएल सर्टिफिकेट होतं, साध्या एचटीटीपीवरून कुलूपबंद एचटीटीपीएसवर वळवणारा नियम एचटीॲक्सेस फाइलमध्ये (वेब सर्व्हरचे नियम लिहायची फाइल) होता आणि सगळं सुरळीत चाललं होतं. साइट जरा वेगाने उघडावी म्हणून पुढे क्लाउडफ्लेअर (ग्राहक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी सेवा) लावलं, आणि तेव्हापासून क्रोममध्ये ‘टू मेनी रिडायरेक्ट्स’. कुकीज पुसून झाल्या, प्लगइन बंद करून झाली, थीमही बदलून पाहिली. होस्टिंगवाले म्हणतात, आमच्याकडे साइट उघडतेय. आता करायचं काय?

तुमच्या बाबतीत दोष कुठे असणार याचा अंदाज वर्णनावरूनच येतो, तो पुढे सांगतोच. पण अंदाजावर सेटिंग बदलत सुटू नका. प्लगइन बंद-चालू करणं, थीम बदलणं, डीएनएसमध्ये (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) हात घालणं, यातून लूप सुटला तरी तो कशाने सुटला ते कळत नाही आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच. रिडायरेक्ट लूप, म्हणजे ब्राउझरला गोल गोल वळवत राहणं, हा खरं तर सोपा आजार आहे, कारण प्रत्येक फेरीत सर्व्हर स्वतःच लिहून देत असतो की मी तुला कुठे पाठवतोय. ते वाचायचं, एवढंच.

सर्व्हर ३०१, ३०२, ३०७ किंवा ३०८ असा ‘दुसरीकडे जा’ सांगणारा आकडा देतो आणि सोबत ‘लोकेशन’ नावाचा हेडर (उत्तराच्या डोक्यावरची माहितीची ओळ), ज्यात पुढचा पत्ता असतो. ब्राउझर त्या पत्त्यावर जातो. तिथेही पुन्हा वळवलं, पुन्हा गेला. १९९७च्या एचटीटीपी १.१ च्या मानकात पाचपेक्षा जास्त वेळा आपोआप वळू नये अशी शिफारस होती. १९९९मध्ये तो आकडा काढून टाकला. आज क्रोम आणि फायरफॉक्स वीस फेऱ्यांनंतर हात टेकतात, कर्ल हे टर्मिनलमधून पत्ता मागणारं साधन पन्नासपर्यंत जातं. म्हणजे तुम्हाला दिसणारा एरर हा फक्त मोजणीचा निकाल आहे. कोण चुकलं, याबद्दल त्यात अक्षर नाही.

आणि बहुतेक वेळा ‘चुकलेलं’ असं कोणी नसतंच. दोघे असतात, दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. कचेरीत एका खिडकीवरचा माणूस ‘पलीकडे जा’ म्हणतो आणि पलीकडचा ‘आधी तिकडे जा’ म्हणतो, तसं. म्हणून लूप सोडवणं म्हणजे साइटचा अधिकृत पत्ता कोणता हे ठरवायचा अधिकार एकाकडेच ठेवणं. क्लाउडफ्लेअर, वेब सर्व्हर, वर्डप्रेस आणि एखादं एसएसएल प्लगइन असे चौघे तो ठरवत असतील, तर आज ना उद्या भांडण होणारच.

आता तपासणी. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबवर जा आणि ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, ती नसेल तर प्रत्येक फेरीला आधीच्या नोंदी दिसेनाशा होऊ शकतात. पण मी स्वतः टर्मिनलच वापरतो. कर्लला कॅपिटल आय हा पर्याय दिला की फक्त हेडर येतात. कॅपिटल एल देऊ नका, तो दिला की कर्ल स्वतःच सगळ्या फेऱ्या मारतं. आपल्याला एकेक पायरी हवी आहे. विंडोज १०मध्ये २०१८पासून कर्ल आयतं मिळतं, फक्त ते कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवा. पॉवरशेलच्या जुन्या आवृत्तीत कर्ल हे नाव दुसऱ्याच कमांडला दिलेलं आहे आणि तिथे उगाच वेळ जातो.

एक पत्ता मागा, लोकेशनमध्ये काय आलं ते कागदावर लिहा, मग तो पत्ता मागा. दोन-तीन पायऱ्यांत आकार दिसतो, आणि आकारावरून बरंचसं निदान होतं.

मागितलेला पत्ता आणि लोकेशनमधला पत्ता अक्षरशः एकच असेल, म्हणजे तुम्ही एचटीटीपीएसने मागितलंत आणि तो सांगतोय ‘एचटीटीपीएसवर जा’, तर सर्व्हरला तुम्ही एचटीटीपीने आलात असं वाटतंय. मध्ये कोणीतरी एचटीटीपीएसचं कुलूप उघडून मागणी पुढे साध्या एचटीटीपीने पाठवतंय. पत्ता अ-ब-अ-ब असा हेलकावे खात असेल, एकदा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि एकदा त्याविना, किंवा एकदा शेवटी स्लॅश आणि एकदा नाही, तर दोन नियम एकमेकांशी भांडताहेत. आणि पत्ता प्रत्येक फेरीत लांबत चालला असेल, म्हणजे भाषेचा तुकडा पुन्हापुन्हा जोडला जातोय किंवा ‘रिडायरेक्ट टू’ च्या पोटात आणखी एक ‘रिडायरेक्ट टू’ दिसतंय, तर गुन्हेगार भाषेचं प्लगइन, लॉगिन किंवा पत्ता बदलून लिहिणारा पुनर्लेखनाचा नियम यांपैकी आहे.

यानंतरचा प्रश्न, हा पत्ता लिहून कोणी दिला? वर्डप्रेसने ५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९पासून, यासाठी फार चांगली सोय केली आहे. वर्डप्रेसने वळवलं असेल तर उत्तरात ‘एक्स-रिडायरेक्ट-बाय’ असा हेडर येतो आणि त्यात वर्डप्रेसचं नाव असतं. काही प्लगइन तिथे स्वतःचं नाव घालतात. हा हेडर दिसला तर वेब सर्व्हर त्या पायरीपुरता सुटला. दिसला नाही, तर संशय एचटीॲक्सेस, एन्जिनएक्स (हाही एक वेब सर्व्हर) किंवा क्लाउडफ्लेअरवर. ‘सर्व्हर’ या हेडरवर मात्र विसंबू नका. क्लाउडफ्लेअर पुढे असेल तर उत्तर मागून आलं असलं तरी तिथे क्लाउडफ्लेअरचंच नाव दिसतं.

म्हणून पुढची पायरी, मूळ सर्व्हरला थेट विचारायचं. कर्लच्या ‘रिझॉल्व्ह’ पर्यायात डोमेन, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) आणि होस्टिंगचा आयपी पत्ता दिला की कर्ल डीएनएस बाजूला ठेवून थेट तिथे जातं. एकदा ४४३ पोर्टवर एचटीटीपीएसने विचारा, एकदा ८० वर एचटीटीपीने. तुमच्याकडे बहुधा असं दिसेल: ४४३ वर २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, मिळून पान नीट येईल आणि ८० वर ३०१. होस्टिंगवाले ‘आमच्याकडे उघडतेय’ म्हणतात ते याच अर्थाने. ते थेट सर्व्हरवर बघताहेत, त्यांचं म्हणणं खोटं नाही.

आता तो अंदाज. क्लाउडफ्लेअरच्या एसएसएल विभागात तुमचा मोड ‘फ्लेक्सिबल’ असणार. या मोडमध्ये एकाच मागणीचं काय होतं ते बघा. ग्राहकाचा ब्राउझर एचटीटीपीएसने क्लाउडफ्लेअरपर्यंत येतो. तिथून तुमच्या सर्व्हरपर्यंत क्लाउडफ्लेअर साध्या एचटीटीपीने, ८० पोर्टवर जातं. तुमची एचटीॲक्सेस पाहते की हा तर एचटीटीपीने आलाय, आणि नियमाप्रमाणे ३०१ देते, एचटीटीपीएसवर जा. ते उत्तर जसंच्या तसं ब्राउझरकडे परत जातं. ब्राउझर एचटीटीपीएसवरच उभा असतो. तो पुन्हा त्याच पत्त्यावर मागणी करतो आणि क्लाउडफ्लेअर पुन्हा ८० वर. असं वीस वेळा. यात क्लाउडफ्लेअर बिघडलेलं नाही आणि तुमचा नियमही चुकीचा नाही. दोघांना एकमेकांची खबर नाही, इतकंच.

उपाय: मोड ‘फुल (स्ट्रिक्ट)’ करा, म्हणजे क्लाउडफ्लेअर तुमच्या सर्व्हरकडेही एचटीटीपीएसनेच जाईल आणि तिथलं सर्टिफिकेट तपासेल. तुमच्या होस्टिंगवर सर्टिफिकेट आहेच; ते मुदतीत आहे ना आणि त्यात तुमची दोन्ही नावं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना, आहेत ना, तेवढं आधी पाहून घ्या. नसेल तर लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. क्लाउडफ्लेअरचं स्वतःचं ‘ओरिजिन सर्टिफिकेट’ही फुकट आहे आणि ते १५ वर्षांपर्यंतचं काढता येतं, पण त्यावर फक्त क्लाउडफ्लेअर विश्वास ठेवतं. उद्या ते नारिंगी ढगाचं चिन्ह राखाडी केलंत, म्हणजे प्रॉक्सी (क्लाउडफ्लेअरने मध्ये उभं राहणं) बंद केली, की ग्राहकांना सुरक्षेचा लाल इशारा दिसेल. मी दुकानांसाठी म्हणूनच लेट्स एन्क्रिप्ट पसंत करतो.

एचटीॲक्सेसमधला नियम काढूनही लूप थांबेल, आणि तसा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. ऐकू नका. साइट उघडेल, कुलूपही दिसेल, पण क्लाउडफ्लेअर ते तुमचा सर्व्हर हा टप्पा उघडाच राहील आणि ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर त्यावरून साध्या मजकुरात जात राहील. ज्या साइटवर ऑर्डर घेतली जाते तिथे फ्लेक्सिबलला जागा नाही, यावर माझं मत ठाम आहे. याची उलट बाजूही ध्यानात ठेवा: मोड ‘फुल’ आहे, पण मागे कुठल्या तरी जुन्या नियमाने एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर वळवलंय आणि क्लाउडफ्लेअरमध्ये ‘ऑल्वेज यूज एचटीटीपीएस’ चालू आहे, तरी लूप होतोच.

मोड बदलता येण्यासारखी परिस्थिती नसते तेव्हा गोष्ट जरा वेगळी. कंपनीचा लोड बॅलन्सर (मागण्या अनेक सर्व्हरांत वाटणारा) किंवा एन्जिनएक्सची प्रॉक्सी पुढे आहे, एचटीटीपीएस तिथेच संपतं, आणि आतल्या जाळ्यातून ॲपकडे एचटीटीपीने मागणी येते. ही रचना सर्रास असते. इथे प्रॉक्सी ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर जोडते, ज्यात ग्राहक मुळात कशाने आला ते लिहिलेलं असतं, आणि ॲपने तो वाचायला हवा. वर्डप्रेस तो आपणहून वाचत नाही. त्याचं एसएसएल तपासणारं फंक्शन फक्त ‘एचटीटीपीएस’ हे सर्व्हर व्हेरिएबल चालू आहे का आणि पोर्ट ४४३ आहे का, एवढंच बघतं. म्हणून डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये दोन ओळी घालाव्या लागतात: हेडरमध्ये एचटीटीपीएस असेल तर ते व्हेरिएबल ‘ऑन’ करा. या ओळी डब्ल्यूपी-सेटिंग्ज फाइल लोड करणाऱ्या ओळीच्या वर हव्यात. फाइलच्या तळाशी चिकटवून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे मला सतत भेटतात. जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये याच कामासाठी ‘सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर’ हे सेटिंग आहे, लारावेलमध्ये विश्वासू प्रॉक्सींची यादी. एचटीॲक्सेसच्या नियमातही ‘एचटीटीपीएस ऑफ’ या अटीऐवजी हा हेडर तपासता येतो.

यात एक फसवी जागा आहे. क्लाउडफ्लेअर, त्यामागे एन्जिनएक्स, त्यामागे ॲप अशी तीन पायऱ्यांची रचना असेल आणि क्लाउडफ्लेअर ते एन्जिनएक्स हा टप्पा एचटीटीपीचा असेल, तर एन्जिनएक्सच्या कॉन्फिगमधली ती सगळीकडे कॉपी-पेस्ट होणारी ओळ, जी या हेडरमध्ये ‘स्कीम’ व्हेरिएबल (मागणी एन्जिनएक्सकडे कशाने आली ते) भरते, ती पुढून आलेलं ‘एचटीटीपीएस’ पुसून ‘एचटीटीपी’ लिहिते. ॲप बिचारं मिळालेला हेडर इमानाने वाचतं आणि वळवतं. सगळ्या ओळी ‘बरोबर’ दिसत असतात, त्यामुळे ही चूक सापडायला वेळ लागतो. आणि हा हेडर फक्त आपल्या प्रॉक्सीकडून आला असेल तरच मानावा. कोणीही बाहेरचा माणूस तो हाताने लिहून पाठवू शकतो.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचं भांडण त्यामानाने सरळ आहे. वर्डप्रेसच्या जनरल सेटिंग्जमध्ये पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह लिहिलेला, आणि एचटीॲक्सेस किंवा क्लाउडफ्लेअरचा नियम तो काढून टाकणारा. अ-ब-अ-ब. अशा वेळी ॲडमिनमध्येही जाता येत नाही, कारण तोही त्याच लूपमध्ये. मग डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ‘डब्ल्यूपी होम’ आणि ‘डब्ल्यूपी साइटयूआरएल’ हे दोन स्थिरांक योग्य पत्त्यासह लिहा, किंवा पीएचपीमायॲडमिनमधून ऑप्शन्स टेबलमधल्या ‘होम’ आणि ‘साइटयूआरएल’ या दोन ओळी दुरुस्त करा.

आता तो प्रकार, ज्यात सगळं दुरुस्त झालेलं असतं आणि तरी काही ग्राहकांचे फोन येत राहतात. ३०१ म्हणजे ‘कायमचं’, त्यामुळे ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला न विचारताच वळतो. समजा मागच्या वर्षी तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढून टाकायचा ३०१ दिला होता आणि आता उलटा दिलात. नव्या ग्राहकाला काही त्रास नाही. जुन्या, नेहमीच्या ग्राहकाच्या ब्राउझरमध्ये मात्र जुना ३०१ बसलेला असू शकतो आणि तोच अडकतो. म्हणून प्रयोग चालू असताना नेहमी ३०२, म्हणजे ‘तात्पुरतं’, द्या, आणि दोन-चार दिवस नीट चालल्यावरच ३०१ करा. तपासतानाही खासगी विंडो किंवा कर्ल वापरा, नाहीतर तुमचाच ब्राउझर तुम्हाला जुनी गोष्ट सांगत बसेल. कॅशेचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या उत्तरांचा, हाच खेळ व्हार्निश या कॅशे सर्व्हरमध्ये किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या सीडीएनमध्येही होतो: कॅशेच्या किल्लीत एचटीटीपी की एचटीटीपीएस हा फरक धरलेला नसेल, तर एचटीटीपीसाठी साठवलेला ३०१ एचटीटीपीएसने येणाऱ्यालाही दिला जातो. उत्तरात ‘कॅशे-स्टेटस’च्या हेडरमध्ये ‘हिट’ आणि आकडा ३०१ अशी जोडी दिसली की आधी तो कॅशे रिकामा करा.

नेटवर्क टॅबमध्ये ३०७ आणि शेजारी ‘इंटर्नल रिडायरेक्ट’ दिसलं तर सर्व्हरचे लॉग चाळू नका; ते उत्तर सर्व्हरने दिलेलंच नाही. साइटने पूर्वी कधीतरी एचएसटीएस हेडर पाठवलेला आहे, ‘इतके दिवस माझ्याकडे एचटीटीपीएसनेच ये’, आणि ब्राउझर तो हुकूम पाळतोय. अशा साइटला एचटीटीपीवर वळवायचा प्रयत्न केला की लूप ठरलेला. एचटीटीपीवर परत जायचा विचारच सोडून द्या.

कुकीज पुसण्याचा सल्ला खरोखर लागू पडतो तो एकाच ठिकाणी, लॉगिनच्या लूपमध्ये. डब्ल्यूपी-ॲडमिन म्हणतं लॉगिन कर, लॉगिन झालं की परत ॲडमिन, तिथे पुन्हा लॉगिन. बाकी साइट व्यवस्थित. इथे कुकी एक तर चुकीच्या डोमेनवर बसतेय, किंवा ‘सिक्युअर’ असल्यामुळे एचटीटीपीवर परत पाठवली जात नाहीय, किंवा कॅशे प्लगइनने लॉगिनचं पानच साठवून ठेवलंय. कुकी पुसून एकदा आत जाता आलं तर ते निदान समजा, उपाय नव्हे.

तुमच्या दुकानातल्या वस्तूंचे पत्ते मराठीत असतील तर आणखी एक गोष्ट बघा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि पत्त्यात ते टक्क्यांच्या चिन्हांसह नऊ खुणांचं होतं. ‘म’ म्हणजे %ई०%ए४%एई. वर्डप्रेसमध्ये स्लगची (पत्त्यातल्या नावाच्या तुकड्याची) मर्यादा २०० खुणांची आहे, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं, आणि काना, मात्रा, वेलांटीही त्यातच मोजली जाते. ‘घरगुती आमसुलाचं आगळ एक लिटर बाटली’ अशी नावं मध्येच तुटतात ती यामुळे. लूपशी संबंध असा: या टक्केवाल्या खुणांतली इंग्रजी अक्षरं लहान असोत वा मोठी, अर्थ एकच. वर्डप्रेस ती लहान अक्षरांत साठवतं आणि स्वतः वळवताना हा फरक दुर्लक्षितं. पण ‘सगळे पत्ते लहान अक्षरांत वळवा’ असा नियम कोणी सर्व्हरवर घातला असेल आणि पुढचा एखादा घटक तीच अक्षरं पुन्हा मोठी करत असेल, तर इंग्रजी पत्त्यांची पानं चालतात आणि फक्त मराठी पत्त्यांची पानं गोल फिरतात. एसईओच्या नावाखाली असे नियम फार लोक घालून ठेवतात. काढून टाका.

एक गल्लत टाळण्यासाठी सांगतो: लॉगमध्ये ‘दहा अंतर्गत रिडायरेक्टची मर्यादा ओलांडली’ अशा अर्थाची ओळ आणि ब्राउझरमध्ये ५०० दिसत असेल, तर तो वेगळा आजार. अपाचे (एचटीॲक्सेस वाचणारा वेब सर्व्हर) पुनर्लेखनाच्या नियमात स्वतःशीच फिरतोय, ब्राउझरपर्यंत काही पोचतच नाही.

दुरुस्ती झाल्यावर चारही पत्ते कर्लने विचारा: एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना. तिघांनी एकाच उडीत चौथ्याकडे पाठवावं आणि चौथ्याने २०० द्यावा. दोन-तीन उड्यांची साखळी असेल तर लूप नसला तरी ती आखडून घ्या. गूगलचा बॉट दहा उड्यांपर्यंतच पाठलाग करतो. लेट्स एन्क्रिप्टची एचटीटीपी तपासणीही दहापर्यंतच वळते, म्हणजे सर्टिफिकेटच्या तपासणीचा पत्ता लूपमध्ये सापडला तर नूतनीकरणही अडकतं आणि ९० दिवसांच्या मुदतीत दुसरी डोकेदुखी उभी राहते.

दुकान असल्यामुळे पेमेंट गेटवेमध्ये दिलेला वेबहूकचा पत्ताही, म्हणजे पैसे मिळाल्याचं गेटवे तुमच्या साइटला जिथे कळवतो तो, आजच तपासा. मुखपृष्ठ उघडलं की सगळे खूष होतात, आणि पैसे कापले गेले पण ऑर्डर ‘पेंडिंग’च, अशा तक्रारी नंतर येतात. वेबहूक पोस्टने, म्हणजे मजकूर सोबत आणणाऱ्या मागणीने, येतो. ३०१ किंवा ३०२ वर पोस्टचं सहसा गेट (फक्त पान मागणारी मागणी) होतं आणि आतला मजकूर गळून पडतो. ३०७ आणि ३०८ पोस्ट तशीच ठेवतात, पण समोरचा वळेलच याची खात्री नसते. तिथे वळण नकोच. अंतिम पत्ता थेट लिहून टाका.

हे करूनही साइट फिरत राहिली तर मला चार गोष्टी कळवा: कर्लच्या पहिल्या तीन पायऱ्यांतले आकडे आणि लोकेशन, एक्स-रिडायरेक्ट-बाय आहे की नाही, मूळ सर्व्हरला ८० आणि ४४३ वर थेट विचारल्यावर आलेलं उत्तर, आणि क्लाउडफ्लेअरचा मोड. स्क्रीनशॉट नको, मजकूर कॉपी करून द्या. मूळ सर्व्हरचा आयपी मात्र झाकून ठेवा.